पुढे काय होणार हे ठाऊक असताना

दिवाळीच्या सुटीत माझी नात नागपूरहून मोहाडीला येते. वय वर्षे पंधरा. आल्या दिवशी ती चौंडेश्वरीला जाऊन येते, दुसऱ्या दिवशी फराळाचे डबे उघडून पाहते, आणि तिसऱ्या दिवसापासून दुपारच्या वेळी माजघरात आडवी पडून मोबाइलवर नाचाचे चित्रपट पाहते. नाचाचे म्हणजे ज्यांत नाच असतो ते नव्हेत. तसे आपल्याकडे सगळेच. ज्यांत नाचाखेरीज दुसरे काही नसते, ते.

परवा मी तिच्या खांद्यावरून डोकावलो, तर चित्र ओळखीचे वाटले. म्हटले, "अगं, हा तू मागच्या दिवाळीत पाहिला होतास."

"हो."

"मग पुढे काय होणार हे तुला ठाऊक आहे."

"न पाहिलेल्यांचंही ठाऊक असतं, आबा," ती म्हणाली आणि पुन्हा पाहू लागली.

मी चौतीस वर्षे शाळेत मराठी शिकवले. 'ठराविक', 'सांकेतिक', 'साच्यातले' हे शब्द मी मुलांच्या निबंधांवर तांबड्या शाईने इतक्या वेळा लिहिले आहेत, की ते माझ्या सहीचाच भाग झाले असावेत. त्यामुळे एखादी गोष्ट ठराविक आहे म्हणूनच ती आवडते, असे कुणी सरळ सांगितले की माझी पंचाईत होते. तिचे उत्तर माझ्या डोक्यातून जाईना. शेवटी मीही तिच्याशेजारी बसून दोन-तीन चित्रपट पाहिले. लेखासाठी पाहिले असे म्हणता येईल, पण ते पुरतेपणी खरे नाही.

त्यांची गोष्ट सांगायला चार ओळी पुरतात. एक मुलगा किंवा मुलगी असते. तिला नाचायचे असते आणि घरात, शाळेत किंवा गावात कुणालातरी ते नको असते. मग एक जोडीदार भेटतो, तो दुसऱ्या थरातला असतो. तालीम होते. पाऊस पडतो, आणि पावसातही तालीम होते. शेवटच्या स्पर्धेच्या थोडे आधी सारे काही मोडते. कुणाचा पाय तरी, नाहीतर मैत्री तरी. आणि मग स्पर्धा. अमेरिकेत 'स्टेप अप' नावाचा असा चित्रपट 2006 साली निघाला, तर 2014 पर्यंत त्याचे पाच भाग झाले आणि पाचांत मिळून गोष्ट एकच. आपल्याकडे रेमो डिसूझा यांचा 'एबीसीडी' 2013 साली आला, दुसरा 2015 साली. माणसे बदलली, गाणी बदलली, शहरे बदलली; गाडी मात्र त्याच स्थानकांवर थांबत गेली.

ही स्थानके कुणी बांधली, असा विचार करता करता मला हसू आले. कारण ती मी स्वतः वर्गात शिकवली होती. धनंजयाने 'दशरूपका'त नाटकातल्या कार्याच्या पाच अवस्था सांगितल्या आहेत: आरंभ, यत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती आणि फलागम. प्रथम इच्छा, मग धडपड, मग मिळेल-न मिळेल अशी आशा, मग अडथळा दूर होऊन मिळणार अशी खात्री, मग फळ. भरतानेही थोड्या वेगळ्या नावांनी हेच सांगून ठेवले होते. माझ्या नातीच्या मोबाइलवरचा तो टोपी उलटी घातलेला मुलगा या पाची पायऱ्या एकही न गाळता चढत होता, आणि चित्रपट लिहिणाऱ्या अमेरिकन गृहस्थाने धनंजयाचे नावही ऐकले नसणार.

माझ्या लहानपणी आम्हांला तरी कुठे काय नवे दाखवीत? आमच्या भंडाऱ्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. आज या गावाची, उद्या त्या गावाची, म्हणजे सगळ्यांना सगळीकडे जाता येते. दिवसा बाजार, पाळणे, गोवाऱ्यांचा नाच. लेकी-जावई घरी आलेले. आणि रात्री दंडार, नाहीतर खडी गंमत. मंचकावर नव्हे, उभ्याउभ्या चालते म्हणून खडी. ढोलकी, तुणतुणे, शाहीर, आणि लुगडे नेसलेला नाच्या पोऱ्या. मी सात-आठ वर्षांचा असताना एका मंडईत हरिश्चंद्राची दंडार पाहिली. पाहिली म्हणजे आजीच्या मांडीवर अर्धी झोपेत पाहिली. हरिश्चंद्राला काय काय भोगावे लागते हे तिथे न ठाऊक असलेला माणूस म्हणजे कदाचित मीच एकटा. बाकीच्यांनी ती वीस वेळा पाहिलेली. तरी रोहिदास फुले तोडायला निघाला, त्याला साप चावायला अजून पाच मिनिटे अवकाश होता, तोच माझ्या आजीने पदर डोळ्यांना लावला. आणि मागून एक म्हातारा मोठ्याने ओरडला, "रोहिदास, तिकडं जाऊ नोको रे बापा!"

त्या म्हाताऱ्याला मी आजवर विसरलो नाही. साप चावणार हे त्याला ठाऊक होते. आपल्या ओरडण्याने साप थांबणार नाही हेही ठाऊक होते. गेल्या वर्षीही तो असाच ओरडला असेल. मग तो कुणाला सांगत होता?

पुढे काय होणार या उत्सुकतेपोटी आपण गोष्ट ऐकतो, ही समजूत मला तरी फारशी खरी वाटत नाही. ती रहस्यकथेपुरती खरी आहे. किर्लोस्करांचे 'सौभद्र' 1882 साली रंगभूमीवर आले तेव्हा सुभद्रा दुर्योधनाला जाईल अशी भीती एकाही प्रेक्षकाला वाटली नसेल. महाभारत ठाऊक नसलेला प्रेक्षक आणायचा कुठून? अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' 1959 साली लागला आणि पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात 131 आठवडे चालला. शेवट ठाऊक नसलेल्या माणसांवर कुठलाही चित्रपट 131 आठवडे चालत नाही. पुण्यात तेवढी माणसेच नव्हती.

आमच्या मोहाडी-आंधळगावकडे कोशाचे कापड विणतात. त्याच्या साडीचा करवती काठ प्रसिद्ध आहे. करवतीच्या दातांसारखे त्रिकोण एका ओळीत काठभर जातात. साडी घेणारी बाई बोटाने तो काठ चाचपत जाते तेव्हा पुढचा दात कसा असेल याची तिला उत्सुकता नसते. तो तसाच आहे की नाही, हे ती पाहत असते.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो मी स्वतःच आयुष्यभर घेत आलो. काठ आणि कथा यांत फरक आहे. कथा माणसांविषयी असते, आणि माणूस दातांच्या ओळीसारखा वागत नाही. जी कथा त्याला तसे वागवते ती त्याच्याविषयी खोटे बोलते. शिवाय अशा गोष्टींची सवय लागली की मन आळसावते. कीर्केगार या डॅनिश तत्त्वज्ञाचे 'पुनरावृत्ती' नावाचे एक छोटे पुस्तक आहे, 1843 सालचे. त्यातला निवेदक आयुष्यात काही पुन्हा घडू शकते का हे तपासायला मुद्दाम दुसऱ्यांदा बर्लिनला जातो. तेच शहर, तीच खोली, तेच नाटकगृह, तोच प्रहसनाचा प्रकार. मागच्या खेपेला ज्याने त्याला पोट धरून हसवले होते ते या खेपेला अगदी निर्जीव वाटते, आणि गृहस्थ निराश होऊन परततो. मला त्याच्याबद्दल नेहमी सहानुभूती वाटत आली. पण परवा नातीशेजारी बसलो असता वाटले की याची चूक झाली ती एकटा गेला ही. दंडारीला कुणी एकटे जात नाही.

आपल्या भाषेत 'अमुक माणूस काय करील ते सांगता येत नाही' असे म्हटले तर ती स्तुती होत नाही. ज्याच्याविषयी ते सांगता येते त्याचा आपण 'भरवसा' धरतो. पाचला येतो म्हणाला आणि पाचला आला; उसने नेले आणि आणून दिले; आजारपणात बोलावल्यावाचून आला. अशा माणसाला कुणी 'ठराविक' म्हणून हिणवत नाही. आपल्या मुलाबाळांनी असेच वागावे म्हणून आपण जिवाचे रान करतो, आणि संध्याकाळी पुस्तक उघडले की मात्र प्रत्येक पानावर धक्का बसावा अशी आपली मागणी असते. ही विसंगती मला पूर्वी दिसली नव्हती. माझ्या नातीला ज्यात आनंद वाटतो ती उत्सुकता नसून भरवसा असावा. यायचे ते माणूस येणार आहे, आणि ते आले. त्या आनंदाला आळस म्हणणे बरोबर होणार नाही.

मात्र इथेही एक गाठ आहे. भरवसा धरायचा तो अशा माणसाचा, ज्याला मोडणेही शक्य होते. पडद्यावरच्या माणसाला ते शक्य नसते. लिहिणाऱ्याने त्याला पाठवले म्हणून तो आला. म्हणजे हा खरा भरवसा नव्हे, त्याचे चित्र झाले. चित्र म्हणून ते वाईट आहे का? घरी ज्याला तो मिळाला आहे तो हे चित्र एका तऱ्हेने पाहील, आणि ज्याला मिळाला नाही तो दुसऱ्या.

हे मी तर्काने काढले असे भासवणार नाही. ते मला स्वयंपाकघरातून ऐकू आले.

चित्रपट शेवटाकडे आला होता. नाच सुरू झाला होता. माझी मुलगी, म्हणजे नातीची आई, आत चकल्या तळत होती. तिला पडदा दिसत नव्हता, नुसते संगीत ऐकू येत होते. तिने झारा हातात धरूनच आतून विचारले, "बाप आला का गं?"

"नाही अजून," नात म्हणाली. "येईल."

या चित्रपटांत एक माणूस नेहमी उशिरा येतो. बहुधा बाप, कधी आई, कधी मास्तर, कधी सगळे गाव. त्याचा नाचाला विरोध असतो. आणि शेवटच्या नाचाच्या मधोमध सभागृहाचे मागचे दार उघडते आणि तो दारात उभा राहतो. आत येऊन बसत नाही, उभाच राहतो. नाचणाऱ्या मुलीला तो दिसतो. तिचे पाऊल क्षणभर अडखळते, आणि मग ती पूर्वीपेक्षा चांगली नाचते. स्पर्धा कोण जिंकते हे त्यानंतर फारसे कुणी पाहत नाही, असा माझा अंदाज आहे.

'फूटलूज' हा 1984 सालचा चित्रपट तर सगळा या एका दारापाशीच घुटमळतो. एका लहान गावात नाचाला बंदी आहे. तिथल्या धर्मोपदेशकाचा तरुण मुलगा नाचाहून परतताना अपघातात गेला, म्हणून बापाने साऱ्या गावाचा नाच बंद केला. शिकागोहून आलेला एक पोरगा ती बंदी मोडायला निघतो. शेवटी मुलांचा नाच होतो, आणि तो धर्मोपदेशक आपल्या बायकोबरोबर बाहेर उभा राहून ऐकतो. ही गोष्ट अगदीच हवेतली नव्हे. ओक्लाहोमा राज्यातल्या एल्मोर सिटी नावाच्या गावात सार्वजनिक नाचाला खरोखरीच जुनी बंदी होती, आणि 1980 साली शाळेतल्या मुलांनी मागणी केल्यावर बराच वाद होऊन ती उठली. 1987 सालच्या 'डर्टी डान्सिंग'मधला डॉक्टर बाप शेवटी आपली चूक झाली हे नाचणाऱ्या तरुणापाशी कबूल करतो. आणि 'बिली इलियट' (2000) मधला खाणकामगार बाप तर मुलगा बॅले नाचतो म्हणून आधी संतापतो, आणि मग त्याच्या प्रवेशपरीक्षेच्या पैशांसाठी आपल्याच भावंडांचा संप फोडून कामावर जायला निघतो. ती बस, तिच्यावर भिरकावली जाणारी अंडी, आणि फाटकाच्या आत थोरल्या मुलाला मिठी मारून रडणारा तो बाप. हा चित्रपट साच्यातला म्हणून हिणवण्यासारखा नाही. पण पोट त्याचेही त्याच दारापाशी आहे. आपल्या 'नटरंग'मध्ये (2010) मात्र गुणा नाच्या होतो तेव्हा घर त्याच्याकडे पाठ फिरवते आणि दार उघडत नाही. तो अधिक खरा चित्रपट आहे असे मी सगळ्यांना सांगत आलो. माझ्या मुलीलाही सांगितले होते. ती ऐकून घेऊन काही बोलली नाही, याचे तेव्हा मला नवल वाटले नाही.

1994 सालची हिवाळ्यातली गोष्ट. ती नववीत होती. शाळेच्या स्नेहसंमेलनात तिच्या गटाचा नाच झाला, तो कुणाला तरी आवडला, आणि भंडाऱ्याला स्पर्धेसाठी जायचे ठरले. मी नको म्हटले नाही. त्या काळी आमच्यासारख्या मास्तरांच्या घरी सरळ नको म्हणण्याची पद्धत नव्हती. "जा. पण मी काही यायचा नाही, मला पेपर तपासायचे आहेत," एवढेच म्हटले. ती म्हणाली, "आठला आहे, बाबा. साडेसातपर्यंत आलात तरी चालेल." जणू मी येणार हे ठरलेच होते आणि प्रश्न फक्त वेळेचा होता.

मोहाडीहून भंडारा किती दूर? तुमसरहून येणारी बस आमच्या नाक्यावर थांबते, आणि पाऊण तासात माणूस भंडाऱ्यात असतो. मी पेपर तपासत बसलो. तिचा शब्द कानांत होता, तरी बसलो. मला नाच आवडत नव्हता असे मी तेव्हा स्वतःला सांगितले. पण माझ्या आजीच्या मांडीवर बसून मी दंडारी पाहिल्या होत्या; नाच मला आवडत होता. मास्तरची मुलगी रंगमंचावर नाचते आणि मास्तर पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवतो, हे चार लोकांनी पाहिलेले मला आवडले नसते. एवढेच होते. यापेक्षा मोठे कारण असते तर सांगायला बरे वाटले असते.

रात्री साडेअकराला शाळेच्या गाडीने मुली परतल्या. त्यांचा कुठलाही क्रमांक आला नव्हता. तिने तोंडावरचा रंग धुतला, थंड भात खाल्ला आणि झोपली. किती जण पाहायला होते, कसा झाला, मी विचारले नाही. तिने सांगितले नाही. पुढे ती शिकली, लग्न झाले, नोकरी लागली, सारे यथास्थित झाले. माझ्याशी ती कधी वाकडे बोलली नाही. मी ती रात्र तीसएक वर्षांत आठवलीही नव्हती असे म्हणालो तर ते खरे आहे, आणि त्याचीच मला आता अधिक शरम वाटते.

म्हणून चकल्या तळताना तिने आतून विचारलेला तो प्रश्न.

आता माझ्यातला मास्तर पुन्हा उठतो आणि म्हणतो, या चित्रपटांचे खोटे तू लपवू नकोस. लपवीत नाही. शेवटची स्पर्धा हे खोटे आहे. ते म्हणतात, मन लावून तालीम केलीस तर जिंकशील. 'एबीसीडी'चा दुसरा भाग ज्यांच्या हकिकतीवर बेतला ती नालासोपाऱ्याची मुले पुढे 2019 साली 'द किंग्ज' या नावाने अमेरिकेतल्या 'वर्ल्ड ऑफ डान्स' या दूरचित्रवाणी स्पर्धेत खरोखरीच पहिली आली. दहा लाख डॉलर बक्षीस मिळाले. हे ऐकले की ऊर भरून येतो. पण एका गटाचे असे होते तेव्हा तालुक्या-तालुक्यांतले, गच्चीवर, मैदानात, मंगल कार्यालयाच्या मागच्या पटांगणात तितकीच मन लावून तालीम करणारे गट कुठल्याही क्रमांकाविना घरी येऊन थंड भात खातात, आणि त्यांच्यावर चित्रपट निघत नाही. पंधरा वर्षांच्या मुलीला हे न सांगता नुसता शेवटचा करंडक दाखवणे, हा अपराध लहान नव्हे. मी नातीला तसे म्हणालोही. ती म्हणाली, "ते तर सगळ्यांना माहीत असतं, आबा." मला वाटते तिचे खरे असावे. मुले आपण समजतो तितकी करंडकाला भुलत नाहीत.

दाराचे मात्र तसे नाही. करंडक एकच असतो. तो सगळ्यांना मिळणे शक्य नाही, म्हणून त्याचे वचन खोटे. दारात येऊन उभे राहणे हे प्रत्येक बापाला शक्य असते. त्यासाठी हुशारी लागत नाही, नशीब लागत नाही. तुमसरची बस लागते. तेव्हा सगळेच बाप येतात असे जो चित्रपट म्हणतो तो वस्तुस्थितीविषयी खोटे बोलत असेल, पण अपेक्षेविषयी बोलत नाही. मराठीत 'अपेक्षित' या शब्दाचे दोन अर्थ होतात: जे होईल असे वाटते ते, आणि ज्यावर आपला हक्क आहे ते. माझ्या मुलीने 'साडेसातपर्यंत' म्हटले तेव्हा तिच्या मनात हे दोन अर्थ वेगळे झालेले नव्हते. ते वेगळे करण्याचे काम त्या संध्याकाळी मी केले.

मंडईतला तो म्हातारा कुणाला ओरडून सांगत होता, याविषयीही मला आता थोडे सुचते. रोहिदासाला नव्हेच. 'अशा वेळी कुणीतरी ओरडायचे असते' हे तो आम्हा पोरांच्या देखत करून दाखवीत होता. मी ते पाहिले आणि लक्षात ठेवले, आणि वेळ आली तेव्हा पेपर तपासत बसलो. तेव्हा पाहिल्याने माणूस सुधारतो असाही दावा मला करता येत नाही.

आणखी एक गोष्ट या चित्रपटांत मला पटत नाही. त्यांत बाप नेहमी वेळेत उशिरा येतो. म्हणजे उशीर होतो, पण नाच संपलेला नसतो. दोन मिनिटे उरलेली असतात. लिहिणारे ती राखून ठेवतात. भंडाऱ्याच्या त्या सभागृहातला नाच सहा-सात मिनिटांचा असेल, तो संपला. आता मी दारात जाऊन उभा राहिलो तरी आत कुणी नाही. नातीच्या कार्यक्रमाला गेलो म्हणून ते भरून निघत नाही. नात ही मुलगी नव्हे, आणि एकीच्या खात्यात टाकलेले दुसरीच्या खात्यात जमा होत नाही. हे मला कळते.

त्या दिवशी दार उघडले, पडद्यावरचा बाप आला, आणि नातीने ओरडून सांगितले, "आला गं, आई!" माझी मुलगी हात पुसत बाहेर आली, दाराच्या चौकटीला टेकून शेवटची दोन मिनिटे तिने उभ्याने पाहिली. मी दोघींच्या मध्ये बसलो होतो. तिच्याकडे वळून पाहण्याचे मला धैर्य झाले नाही. काही वेळाने मी म्हणालो, "त्या वर्षी भंडाऱ्याला तुमचा नाच कोणत्या गाण्यावर होता?"

ती जरा थांबली. मग तिने गाणे सांगितले. मधली एक मुलगी चुकली होती हेही सांगितले, आणि तिसऱ्या कडव्यात कुणाची तरी ओढणी पायात अडकली ते सांगताना ती हसली. नात मोबाइल खाली ठेवून ऐकू लागली. "मग तू काय केलंस, आई?" तिने विचारले. आईने हातानेच दाखवले. तेवढ्यात कढईतल्या चकल्या करपल्याचा वास आला आणि दोघी आत धावल्या.

नातीच्या शाळेचे संमेलन जानेवारीत नागपूरला आहे. कार्यक्रम संध्याकाळी सहाला सुरू होतो, तिचा नाच सातवा. परतीची गाडी रात्री मिळणार नाही, म्हणजे मुक्काम करावा लागेल. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत मी तारीख लिहून ठेवली आहे.